मुंगी घाटानं चढणारं पाणी

कऱ्हा नदीची कथा एका लवंडलेल्या भांड्यापासून सुरू होते. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि त्यातून जी धार निघाली ती कऱ्हा, असं पुरंदरच्या भागात सांगतात. करा म्हणजे पाण्याचं भांडं. लग्नात करवलीच्या हातात असतो तोच. दरवर्षी चैत्रात सासवडला या नदीचं पाणी पुन्हा भांड्यात भरलं जातं, खांद्यावर चढतं, नीरा ओलांडतं आणि शंभर किलोमीटरच्या आसपास चालून सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरला, शंभू महादेवाच्या पिंडीवर रितं होतं. तिथं त्या दिवसांत लग्नघर असतं. करवलीच्या कऱ्याचं नाव लावणारी नदी महादेवाच्या लग्नाला येते. ही जुळणी कुणी ठरवून केली नसेल, पण एकदा ध्यानात आली की शिंगणापूरचं देऊळ पाण्याच्या वाटेनंच पाहावंसं वाटतं.

आधी ठिकाण नीट सांगायला हवं, कारण नावानं घोटाळा होतो. शनीचं शिंगणापूर ते वेगळं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. हे शिखर शिंगणापूर माण तालुक्यात आहे, फलटणपासून साधारण ४० किलोमीटरवर. आसपासच्या गावांत कुणी पूर्ण नाव घेतच नाही. ‘शिखरला जाऊन आलो’ एवढंच म्हणतात. सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे सरकत गेलेल्या डोंगररांगेला शंभू महादेवाची रांग म्हणतात ते याच देवावरून. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांच्या आसपास उंची, पण महाबळेश्वरसारखं हिरवं काही नाही. ढग पश्चिमेच्या कड्यावर ओझं टाकून येतात आणि इथं पोचेपर्यंत हलके झालेले असतात. माण हा कायमचा दुष्काळी तालुका. देवळाच्या डोंगरावर उभं राहिलं तर उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी नीरेकडे जातं आणि दक्षिणेचं माणगंगेकडे. म्हणजे जे काही थोडं पडतं तेही दोन्हीकडून निसटून जातं. माथ्यावर थांबत नाही.

आणि यात्रा भरते ती चैत्रात! विहिरींनी तळ दाखवलेला असतो, ज्वारीची रानं मोकळी झालेली असतात, ऊन चाळिशीला टेकलेलं असतं. शेतकऱ्याला सवड असते म्हणून चैत्रात यात्रा, हे कारण खरंच आहे. पण शिंगणापूरला आणखी एक गोष्ट दिसते. वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या महिन्यात सगळ्यांत अवघड वाटेनं देवाला पाणी घालायचं, हाच इथल्या उत्सवाचा गाभा आहे. पाणी मुबलक असतं तर या कावडींना एवढा अर्थ उरला नसता.

गावाचं नाव देवगिरीच्या यादव राजा सिंघणावरून पडलं असं मानतात. सिंघणपूर, मग शिंगणापूर. सिंघणाची कारकीर्द साधारण १२१० ते १२४६. पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा पाडाव त्यानं १२१२च्या सुमारास केला आणि कृष्णेकाठचा हा सगळा मुलूख यादवांकडे आला. देवळाबद्दल कुणीही चटकन ‘हेमाडपंती’ म्हणतं. शब्द रूढ आहे, वापरायला हरकत नाही, पण हेमाद्रीपंडित हा महादेव आणि रामचंद्र या नंतरच्या यादवांचा मंत्री. सिंघणानंतर तो एक पिढी उशिरा आला. तेव्हा सिंघणाच्या काळाशी जोडलेल्या देवळाला हेमाडपंती म्हणताना आपण पद्धतीचं नाव घेत असतो, माणसाचं नाही, एवढं मनात असावं. दगड घडवून, खाच आणि कुसू, म्हणजे खाचेत बसणारा उंचवटा, जुळवून, चुन्याशिवाय एकावर एक बसवायची ही रीत हेमाद्रीच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली होती.

ही रीत समजली की देवळाचा अर्धा भाग आपोआप वाचता येतो. इथला दगड काळा, म्हणजे बेसाल्ट. एक घनफूट दगडाचं वजन ८० किलोच्या आसपास भरतं. दाबाखाली हा दगड शतकानुशतकं उभा राहतो, पण ताणाला कच्चा. दोन खांबांवर आडवी तुळई टाकली की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि लांबी वाढली की तिथूनच तडा जातो. म्हणून यादवकाळातल्या मंडपांत खांब एकमेकांच्या जवळ, आणि वर छत करायचं तर चौकोनाचे चारही कोपरे त्रिकोणी शिळांनी कापत न्यायचे. त्या उरलेल्या चौकोनाचे कोपरे पुन्हा कापायचे. प्रत्येक थराला मोकळी जागा लहान होत जाते आणि शेवटी एका शिळेत झाकते. मंडपात उभं राहून वर बघितलं की एकात एक फिरवून ठेवलेले चौकोन दिसतात. ती नक्षी नंतरची. आधी ते दगडाच्या अशक्तपणावर काढलेलं उत्तर आहे. खांबांचंही तसंच. खाली चौरस, मध्ये अष्टकोनी, वर गोल, मग तुळईला टेकू देणारं शिरं. एकसंध खांब आहे की तुकडे चढवले आहेत हे सांध्याच्या बारीक रेघेवरून ओळखू येतं.

देवळाचं वरचं अंग मात्र वेगळ्या काळाचं. शिखर चुन्या-विटांचं आहे, मूर्तींनी गजबजलेलं. खाली यादवकाळाचा दगड आणि वर मराठेशाहीचा चुना, अशी जोडणी सातारा-सांगली भागात बऱ्याच देवळांत दिसते. भोसले घराण्याचं हे कुलदैवत, त्यामुळं डागडुजीला हात लागत राहिला. पायऱ्या चढून, मोठे दरवाजे ओलांडून आवारात आलं की समोर एक नव्हे, पाच नंदी बसलेले दिसतात. घाईत असलेला माणूस पहिल्या नंदीच्या शिंगांमधून पिंडीकडे बघतो आणि पुढं सरकतो. पाचही नंद्यांकडे एकेक करून बघावं. गळ्यातल्या घंटामाळा आणि पाठीवरची झूल सगळ्यांची सारखी नसते.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, शिव आणि शक्ती. एकाच गाभाऱ्यात जोडीनं. हे का, ते कथेत कळतं.

कैलासावर शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते. डाव पार्वतीनं जिंकला. हरलेला देव रुसला आणि सगळं सोडून या उजाड डोंगरात येऊन बसला. पार्वती त्याला शोधत आली ती भिल्लिणीच्या रूपात. रानातल्या बाईच्या गाण्यानं, नाचानं त्याचं ध्यान मोडलं, तो तिच्यामागं आला आणि मग कळलं की ही आपलीच आहे. दोघांचं पुन्हा लग्न झालं. पहिलं लग्न हिमालयाच्या मुलीशी, थाटाचं. दुसरं या माणदेशात, भिल्लिणीशी. महाशिवरात्रीला शिवविवाह साजरा करणारी गावं पुष्कळ, पण शिंगणापूरला लग्न लागतं ते चैत्र शुद्ध अष्टमीला, मध्यरात्री, कारण हे दुसरं लग्न आहे. या कथेत देवाला मोठं दाखवण्याचा आटापिटा नाही. तो हरतो, रुसतो, निघून जातो आणि बायको त्याला परत आणते. माणदेशातल्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. रोजगारासाठी गाव सोडून गेलेल्या नवऱ्याची वाट बघणं हे या तालुक्याच्या वाट्याला पिढ्यांपासून आलं आहे.

लग्न म्हटलं की क्रम आला. पाडव्यानं चैत्र उजाडतो. पंचमीला हळद. बाया हळद घेऊन येतात, देवाला लावतात आणि एकमेकींना लावतात. अष्टमीला ध्वज आणि रात्री लग्न. पुढं एकादशी, द्वादशीला कावडी, आणि पौर्णिमेपर्यंत यात्रा उतरत जाते. एखाद्याला लग्नाचा सोहळा बघायचा असेल आणि तो द्वादशीला पोचला तर त्याला कावडी दिसतील, अक्षता नाही. तिथी विचारूनच निघावं. पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी असली तर इंग्रजी तारखेचा हिशेब एका दिवसानं चुकतो, आणि बरेच जण नेमके इथंच फसतात.

अष्टमीचा ध्वज ही बघण्यासारखी गोष्ट. शंभू महादेवाच्या कळसापासून जवळच्या अमृतेश्वराच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत बळीच्या, देवळाच्या कळसापर्यंत शेकडो फूट लांब कापड हवेतून बांधतात. त्याला पागोटं असंही म्हणतात. नवरदेवाच्या डोक्याला पागोटं हवंच. मराठवाड्यातून आलेल्या भाविकांचा या मानात मोठा वाटा असतो. खालून बघताना काम सोपं वाटतं, पण तसं नाही. दोन उंच टोकांमध्ये बांधलेलं काहीही सरळ रेषेत राहू शकत नाही, मध्ये झोळ पडतोच. तो झोळ काढायला जितकं ताणावं तितका टोकांवरचा ओढा कितीतरी पटीनं वाढतो आणि टोकाला आहे चुन्याचा जुना कळस. त्यात दुपारी डोंगरावर वारा सुटतो. सपाट कापड शिडासारखं फुगतं आणि झटके देतं. म्हणून कापडाला पीळ हवा आणि झोळ ठेवायलाच हवा. गाठ टोकदार भागाला न मारता खालच्या जाड गळ्याला फिरवून बसवली तरच कळसाचा जीव वाचतो. शिखरावर चढणारी माणसं पाय ठेवताना मूर्तींचे हात-खांदे टाळतात. चुन्यातली मूर्ती बाहेरून धडधाकट दिसते, आतून विटेपासून सुटलेली असू शकते.

आता तळ्याकडे. शिंगणापूरच्या इतिहासातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम देवळात नाही, खाली आहे. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे. त्यांची बायको फलटणच्या निंबाळकरांची, म्हणजे हा मुलूख सासुरवाडीच्या अंगणातला. बखरी सांगतात की मालोजींना देवीच्या कृपेनं जमिनीत पुरलेलं धन सापडलं, ते त्यांनी श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडं ठेवलं आणि त्यातून वेरूळच्या घृष्णेश्वराचं काम केलं. शिंगणापूरला चैत्रात माणसांची पाण्यावाचून होणारी तडफड बघून त्यांनी इथं तळं बांधलं. हाती आलेल्या पैशातून देवाला सोन्याचा मुखवटा करता आला असता. मालोजींनी यात्रेकरूंच्या घशाचा विचार केला. पुढच्या चारशे वर्षांत या जागेवर झालेल्या कुठल्याही दानापेक्षा मला हे मोठं वाटतं.

डोंगराळ, कमी पावसाच्या जागी तळं चालतं कसं, याचा हिशेब साधा आहे. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण एक लाख लिटर पाणी होतं. बराचसा भाग मुरतो, उडतो. उरलेलं उतारानं येतं. भोवतालच्या पाणलोटाचे पन्नास-साठ एकर जरी तळ्याकडे वळवले आणि चार जोराचे पाऊस झाले तरी तळं धरतं. अडचण पुढं येते. चैत्र-वैशाखात उघड्या पाण्यातलं रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं उन्हानं उडून जातं, म्हणजे दोन महिन्यांत दोन फूट. म्हणून पसरट तळ्यापेक्षा खोल तळं टिकतं. आणि तळ्याचा खरा वैरी म्हणजे गाळ. पाणलोटातलं गवत चरून संपलं, झाडं तुटली की पहिल्याच वळवाच्या सरीला लाल पाणी येतं आणि तळ वर सरकतो. बांध कितीही मजबूत असला तरी गाळ काढला नाही तर तळं थाळीसारखं होतं. जुन्या लोकांनी तळ्याला तीर्थ म्हटलं, त्याला पुष्कर नाव दिलं, त्यात नुसती भक्ती नव्हती. तीर्थ म्हटल्यावर माणूस त्यात घाण टाकताना कचरतो आणि गाळ काढायला बोलावलं तर येतो.

गाभाऱ्यातही पाण्याची काटकसर दिसते. उन्हाळ्यात पिंडीवर गळती टांगतात. तांब्याचं किंवा पितळेचं भांडं, तळाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी. काडी जाड झाली तर धार लागते आणि भांडं तासाभरात रितं होतं. बारीक झाली तर कचऱ्यानं अडते. नेमकी बसली की थेंब थेंब पडतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला साडेचार लिटरच्या आत पाणी लागतं. एवढ्याशा पाण्यात देव चोवीस तास ओला राहतो! दुष्काळी मुलखात याहून समजूतदार पूजा कुठली असणार? पिंडीवरून पडलेलं पाणी शाळुंकेच्या, म्हणजे पिंडीखालच्या बैठकीच्या, टोकानं बाहेर जातं. शिवमंदिरात ही वाट ओलांडायची नाही, तिच्यापर्यंत जाऊन परत फिरायचं. सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात ती हीच. शास्त्रार्थ काहीही असो, ओल्या दगडावरून अनवाणी गर्दी जाऊ नये आणि तीर्थाच्या पाण्यात पाय पडू नये, हे दोन्ही त्यातून साधतं.

आणि आता कावड.

कावड म्हणजे एक दांडी आणि दोन्ही टोकांना भांडी, एवढंच मूळ. यात्रेच्या कावडी मात्र सजलेल्या असतात. तांब्याचे रांजण, मधोमध उंच निशाण, त्यावर रंगीत कापडं. हिशेब करून बघा. एका बाजूला २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, वर तांब्याचं वजन. दोन्हीकडचं मिळून ५० किलोच्या घरात. दांडी आणि निशाणाचा सांगाडा वेगळा. मोठ्या कावडींना तर एकाच वेळी कितीतरी खांदे लागतात. वजनापेक्षा अवघड असतं ते पाण्याचं हलणं. भांडं गळ्यापर्यंत भरलेलं असलं तर पाणी कमी हेलकावतं. अर्धं असलं तर प्रत्येक पावलाला एका बाजूनं दुसरीकडे धावतं आणि दांडीला झोल देतं. नवशिक्याला वाटतं पाणी कमी भरलं तर सोपं जाईल. होतं उलटं. तोंडाला कापड घट्ट बांधायचं, पावलं आखूड टाकायची आणि सगळ्यांनी एकाच ठेक्यात चालायचं. ढोल आणि हलगी नुसती उत्साहाला नसते. तिचा ठेका पावलं बांधून ठेवतो. हलगी थांबली की पाणी डचमळायला लागतं. खांदा बदलायचा तो चालता चालता. नवा माणूस आधी दांडीखाली शिरतो, भार घेतो, मग जुना बाहेर येतो. आधी बाहेर पडून मग दुसरा शिरला तर कावड एका अंगानं खचते आणि पुढच्याच्या मानेवर येते.

सासवडच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच गावांच्या कावडी या वाटेनं येतात, पण मान तेल्या भुत्याच्या कावडीचा. संत भुतोजी तेली हे शंभू महादेवाचे जिवलग भक्त. त्यांच्या नावानं निघणारी ही कावड द्वादशीला सगळ्यांच्या शेवटी घाट चढते. भुतोजी देवाशी मित्रासारखे बोलत, हक्कानं, प्रसंगी भांडत. तीच भाषा अजून घाटात ऐकू येते. ‘हर हर महादेव’ तर आहेच, पण चढ अंगावर आला की हाक जाते, ‘म्हाद्या, धाव!’ शंभो नाही, देवाधिदेव नाही. नुसता म्हाद्या. शेजारच्या घरातल्या पोराला हाक मारावी तसा. संकटात माणूस आदरार्थी बोलत नाही. या एका शब्दात इथल्या भक्तीची जात कळते.

मुंगी घाट डोंगराच्या उत्तरेला, सोलापूर जिल्ह्यातल्या कोथळे गावाच्या बाजूनं. इथून मुंगीच चढू जाणे, म्हणून हे नाव असं म्हणतात. खालून चढणारी माणसं मुंग्यांसारखी दिसतात म्हणून, असंही सांगतात. दोन्ही पटतात. पायऱ्या नाहीत, वाट म्हणावी तर खडक आणि सुटे दगड. देवळाकडे जायला पलीकडून चांगला गाडीरस्ता आहे, तरी कावड इथूनच नेतात.

या चढावर कावडीचं सगळं गणित बदलतं. सपाटीवर दांडी आडवी ठेवली की झालं. इथं पुढची जमीन वर येत असते, त्यामुळं पुढचा रांजण खडकाला लागतो. पुढच्यानं टोक डोक्याच्या वर उचलायचं आणि मागच्यानं कमरेपाशी धरायचं. दांडी तिरपी झाली की मधलं उंच निशाण मागं ओळंबतं आणि भार खालच्या माणसांवर उतरतो. म्हणून सर्वांत दमदार गडी मागं असावेत, पुढं नव्हेत. निशाणाच्या टोकाला दोर बांधून ते वरून ओढून धरलं तर मागचा भार हलका होतो. वारा असेल तर कापडं गुंडाळून घेणं शहाणपणाचं, नाहीतर कावड आडवी फिरते. आणि एकट्याच्या जोरावर इथं काही होत नाही. माणसं वरपासून खालपर्यंत एकमेकांचे हात धरून साखळी करतात. वरचा खालच्याला ओढतो, खालचा वरच्याला रेटतो, आणि कावड त्या साखळीतून हातोहात वर सरकते.

अपघात होतात ते बहुतेक कावडीमुळं नाही, सुट्या दगडांमुळं. वरच्याच्या पायाखालून निसटलेला नारळाएवढा दगड पन्नास फूट खाली येईपर्यंत जीवघेणा झालेला असतो. म्हणून कावड चढत असताना तिच्या नेमक्या खाली, घळीच्या ओळीत उभं राहू नये. बाजूच्या कातळावर उभं राहावं. चैत्रात वळवाची सर येऊ शकते. आली तर मातकट खडक साबणासारखा होतो आणि तेव्हा थांबणंच योग्य. शेवटच्या कावडी वर येईपर्यंत अंधार पडायला लागतो. डोळे दिपवणारे प्रखर दिवे खालून वर मारले की चढणाऱ्याला स्वतःचीच सावली आड येते आणि पाय कुठं ठेवायचा ते दिसत नाही. उजेड वरून आणि बाजूनं हवा. पाणी पिऊन, काही खाऊनच चढायला लागावं. उपाशीपोटी उन्हात हा चढ घेणाऱ्याला माथ्यावर पोचल्यावर भोवळ येते, कारण तिथं साखळी सुटते आणि अंगातला जोर एकदम उतरतो.

वर पोचल्यावर कावडीवाले कावड नाचवतात. एवढं चढून आल्यावर नाचतात! मग पायऱ्या, दरवाजे, पाच नंदी, मंडप आणि गाभारा. रांजणाच्या तोंडाचं कापड सुटतं आणि आठवडाभर खांद्यावर जपलेलं पाणी काही क्षणांत पिंडीवर उलटं होतं. गळतीतून सेकंदाला एक थेंब, आणि आज भांडंच्या भांडं.

याच पाण्याबद्दल एक काळजीही आहे. देवळाचा दगड आत आलेलं पाणी सोसतो, फक्त त्याला बाहेर जायला वाट लागते. मूळ बांधणीत सांधे श्वास घेणारे असतात. ओल आली तशी जाते. त्या सांध्यांत सिमेंट भरलं की ओल कोंडते, दगडातले क्षार पृष्ठभागावर येतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटायला लागतात. ऑइलपेंट त्याहून वाईट. तो दगडाला कातडं चढवतो आणि आतली ओल त्याला फोडून बाहेर येते, सोबत दगडाची साल घेऊन. आणि तो काढायला वाळूचा फवारा मारला की छिन्नीच्या मूळ खुणाच जातात. जमिनीवर गुळगुळीत फरशी टाकली की आतली पातळी दोन-तीन इंचांनी वाढते, पाणी बाहेर जायच्या जुन्या मोऱ्या बुजतात आणि तेच पाणी खांबांच्या पायाशी साचतं. शिवाय ओल्या फरशीवर माणसं घसरतात ती वेगळी. आपल्याकडच्या किती देवळांत हे भक्तिभावानं, वर्गणी काढून केलं गेलं आहे ते बघितलं की वाईट वाटतं. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण कुणी सांगणारं भेटलेलं नसतं.

डागडुजी चुन्यानंच करावी. कळीचा चुना पाण्यात विझवून निदान तीन आठवडे मुरवायचा, मग एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग धुतलेली वाळू चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरवायच्या चरात, मळायची. ओल लागणाऱ्या जागी वाळूतला काही भाग कमी करून विटांची सुरकी, म्हणजे भुकटी, घालायची. जुने गवंडी गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा वापरत. चिकटपणा वाढतो आणि चुना हळू वाळतो. हळू वाळणं हेच महत्त्वाचं. उन्हात भरलेल्या सांध्याला पंधरा दिवस ओलं गोणपाट लागतं. ते झालं नाही तर चुना भुसभुशीत होतो, आणि मग ‘चुना टिकत नाही, सिमेंटच बरं’ असं लोक म्हणतात. शिखरावर उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं उपटू नये. वरचं तुटतं, मूळ सांध्यात जाड होत राहतं. रोप कोवळं असतानाच सांधा मोकळा करून मुळासकट काढावं आणि लगेच चुना भरावा.

शिखरला निवांत जायचं असेल तर यात्रा आणि श्रावणातले सोमवार सोडून जावं. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना, खांबांवरची कोरीव कामं सावलीमुळं उठून दिसतात. दुपारी बाराला तीच सपाट वाटतात. मुख्य दर्शन झाल्यावर बळीच्या देवळाकडे जावं आणि दोन्ही कळसांमधलं अंतर डोळ्यांनी मोजावं. मग ध्वजाच्या कापडाची लांबी कळते. वेळ असेल तर गुप्तलिंगाकडे उतरावं. रुसलेला देव लपला तो तिथं, असं सांगतात. आणि मुंगी घाटाच्या माथ्यावर जाऊन खाली बघावं, चढायचं नसलं तरी.

द्वादशीच्या रात्री पिंडीवरून उतरलेलं पाणी शाळुंकेतून बाहेर येतं तेव्हा तिथं माणसं तांबे आणि बाटल्या घेऊन बसलेली असतात. कुणी मराठवाड्यातलं, कुणी फलटणकडचं, कुणी थेट पुरंदरचं. सासवडहून निघालेलं कऱ्हेचं पाणी कापडात बांधलेल्या बाटलीत तीर्थ होऊन पुन्हा सासवडला जायला निघतं. कावडीचे रांजण रिकामे असतात, दांडी हलकी झालेली असते, आणि परतीला ती गाडीरस्त्यानं उतरते.